इंच मोजले, चित्र मोजायचं राहून गेलं

प्लाझ्मा टीव्ही का संपले असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. वीज फार खायचे, जड होते, तापायचे, स्क्रीनवर डाग राहायचे, मग एलसीडी आले आणि प्रश्न मिटला. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर खरी आहे. पण सगळ्यांची मिळून जी कहाणी तयार होते ती मला पटत नाही, आणि ती आपण खरी धरून बसलोय म्हणून आज शंभर इंची टीव्हीच्या बाबतीत तेच सगळं पुन्हा होताना दिसतंय, म्हणून हे एवढं लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे, प्लाझ्मा मोजमापात हरला. बॉक्सवर जे आकडे छापले जायचे, शोरूममधे जे डोळ्यांत भरायचं आणि नियम करणाऱ्यांनी जे मोजलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा रात्री घरात बसून टीव्ही बघण्याशी फारसा संबंधच नव्हता. टीव्हीवरची लेबलं, त्यांच्या चाचण्या, विजेचे नियम हे सगळं लोकांच्या पैशाशी आणि सगळ्यांच्या विजेशी जोडलेलं आहे, त्यामुळे हा फक्त हौशी मंडळींच्या गप्पांचा विषय नाही.

आधी थोडं मागे जाऊ. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी पहिला प्लाझ्मा डिस्प्ले बनवला तो टीव्हीसाठी नव्हताच. प्लेटो नावाची कॉम्प्युटरवरून शिकवायची एक सिस्टीम होती, तिच्या टर्मिनलला स्क्रीन हवा होता. तेव्हा मेमरी भयंकर महाग, आणि पिक्चर ट्यूबवरचं चित्र सेकंदाला कितीतरी वेळा नव्यानं काढावं लागायचं, त्यापेक्षा प्लाझ्माचा ठिपका एकदा पेटवला की पेटलेला राहायचा, म्हणजे मेमरीचं काम स्क्रीनच करायचा. रंग एकच, निऑनचा नारिंगी. १९८३ मधे आयबीएमनं १९ इंची स्क्रीन आणला तोही नारिंगीच. १९९२ मधे फुजित्सूनं २१ इंची रंगीत स्क्रीन आणला आणि १९९७ च्या सुमाराला ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही दुकानात दिसायला लागले. अमेरिकेत फिलिप्सचा ४२ इंची सेट जवळपास १५ हजार डॉलरला होता आणि त्यात ठिपके होते ८५२ गुणिले ४८०, म्हणजे आजच्या हिशेबानं एचडीसुद्धा नाही. तरी लोक बघत राहायचे, कारण तोवर मोठा टीव्ही म्हणजे कपाटाएवढी ट्यूब किंवा मागून प्रोजेक्शन टाकणारा खोका, आणि हा तर भिंतीला टांगता येत होता.

हा चालायचा कसा ते एकदा नीट समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दोन काचा, मधे लाखो बारीक कप्पे, कप्प्यांत निऑन आणि झेनॉन वायू. विजेचा झटका दिला की वायूतून अतिनील किरण निघतात, ते कप्प्याच्या आतल्या फॉस्फरवर, म्हणजे किरण पडले की उजेड देणाऱ्या लेपावर, पडतात आणि लाल, हिरवा किंवा निळा उजेड बाहेर येतो. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. एलसीडीत मागे दिवे चालूच असतात आणि पुढचे लिक्विड क्रिस्टल तो उजेड अडवतात किंवा सोडतात, कितीही अडवला तरी थोडा झिरपतोच, म्हणून अंधाऱ्या खोलीत एलसीडीवरचा काळा राखाडी दिसतो. शिवाय हालचाल. प्लाझ्माचा ठिपका क्षणभर चमकून मावळतो, एलसीडीचा ठिपका पुढची फ्रेम येईपर्यंत तसाच धरून ठेवलेला असतो, आपला डोळा मात्र तोवर पळणाऱ्या चेंडूबरोबर पुढे सरकलेला असतो, त्यामुळे चेंडूची कड पुसट होते. बाजूला कोपऱ्यात बसलेल्या माणसालाही प्लाझ्मावर रंग तेच दिसायचे, हे तर ज्यानं दोन्ही बघितलेत त्याला सांगायलाच नको.

तोटेसुद्धा याच रचनेतून आले आणि ते लपवून काही फायदा नाही. पूर्ण स्क्रीन पांढरा झाला की सगळे कप्पे एकदम पेटणार, म्हणजे विजेचा ओढा वाढणार, म्हणून सेट स्वतःच ब्राइटनेस खाली आणायचा. एकच लोगो तासन्‌तास एका जागी राहिला की तिथलं फॉस्फर जास्त झिजायचं आणि सावली उरायची, विमानतळांवरच्या सुरुवातीच्या प्लाझ्मा बोर्डांवर तर अक्षरं कायमची उमटलेली असायची. उंच डोंगरी भागात हवेचा दाब कमी असतो, तिथे आतल्या सीलबंद वायूमुळे काही सेट गुणगुणायचे. काचा जाड असल्यामुळे वजन जास्त. हे सगळं मान्य.

आता मोठेपणाची शर्यत. छोटे कप्पे बनवणं प्लाझ्माला अवघड होतं आणि मोठा स्क्रीन त्यामानानं सोपा, एलसीडीचं त्या काळी नेमकं उलटं होतं, त्यामुळे बाजारात एक समजूतच पक्की झाली की ४० इंचांच्या खाली एलसीडी आणि वर प्लाझ्मा. मग प्लाझ्मावाल्यांनी मोठेपणालाच आपली ओळख बनवलं. सॅमसंगनं २००५ मधे १०२ इंची दाखवला, पॅनासॉनिकनं पुढच्याच वर्षी १०३ इंची, फक्त एक इंच जास्त, आणि त्या एका इंचासाठी केवढी जाहिरात! २००८ मधे लास वेगासच्या प्रदर्शनात १५० इंची आणि २०१० मधे १५२ इंची. या शेवटच्याचं वजन अर्ध्या टनाच्या वर, किंमत सुमारे पाच लाख डॉलर. १०३ इंचीसुद्धा दोनशे किलोच्या वर आणि भरात असताना दीड किलोवॅटच्या आसपास वीज घ्यायचा. एवढी मोठी काच सपाट ठेवायची, तिच्यातले लाखो कप्पे एकसारखे पेटवायचे हे इंजिनिअरिंग म्हणून थोर आहे यात शंका नाही, मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण त्या सेटांनी खरेदीदारांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसवली, की टीव्हीचा चांगलेपणा इंचात मोजायचा असतो. आणि इंचात मोजायचं ठरल्यावर ज्याचा इंच स्वस्त तोच जिंकणार.

एलसीडीचा इंच स्वस्त होत गेला आणि त्यामागचं कारण लोक क्वचित सांगतात. लॅपटॉप, मॉनिटर, मोबाइल, टीव्ही सगळीकडे तेच तंत्र चालत होतं, त्यामुळे कारखान्यावर, मशीनवर, संशोधनावर घातलेला पैसा सगळीकडून वसूल व्हायचा. प्लाझ्माला टीव्ही आणि थोडे बोर्ड सोडले तर गिऱ्हाईकच नव्हतं. शार्पनं २००६ मधे जपानमधे कामेयामाला आठव्या पिढीची काच (पिढी जेवढी पुढची तेवढी काच मोठी) वापरणारा कारखाना चालू केला, २००९ मधे साकाईला दहाव्या पिढीचा, म्हणजे एकाच भल्यामोठ्या काचेतून मोठे मोठे टीव्ही कापून निघायला लागले आणि ४० इंचांची ती सीमारेषा पुसली गेली. प्लाझ्माच्या सगळ्यात चांगल्या वर्षी, २०१० मधे, जगात साधारण १ कोटी ८० लाख प्लाझ्मा टीव्ही गेले, त्याच वर्षी एलसीडी त्याच्या दहापट. पॅनासॉनिकनं तर आमागासाकीला नवा मोठा प्लाझ्मा कारखाना २००९ च्या शेवटी चालू केला आणि दोनेक वर्षांतच तो थांबवायची वेळ आली. पायोनियर ही दुसरी प्लाझ्मा कंपनी २००९ मधेच टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडायची घोषणा करून मोकळी झाली होती, आणि तिचा कुरो सेट तर त्या काळातलं सगळ्यात उत्तम चित्र म्हणून जाणकार नावाजत होते. पॅनासॉनिकनं २०१३ च्या डिसेंबरात पॅनेल बनवणं बंद केलं, सॅमसंग आणि एलजी २०१४ मधे थांबले. संपलं.

हे सगळं पैशाचं गणित झालं, आणि कुणी म्हणेल की मग तक्रार कसली, बाजारानं निवड केली. इथेच माझा मुद्दा आहे. बाजार निवड करतो म्हणजे माणसं निवड करतात आणि माणसं समोर जे तोलता येतं त्यावरूनच निवड करतात. शोरूममधे छतभर झगझगीत लाइट, चारही बाजूंनी उजेड, त्यात प्लाझ्माची चकचकीत काच आरशासारखी दिवे दाखवणार आणि शेजारचा एलसीडी त्या उजेडावर मात करेल एवढ्या ब्राइटनेसला लावून ठेवलेला. अशा जागी प्लाझ्मा मळकट दिसणारच. घरात रात्री दिवा बारीक करून बघितलं तर पारडं फिरायचं, पण तशी तुलना करायची सोय ग्राहकाला कुठे होती? त्या काळी स्टुडिओत कार्यक्रमाचे रंग ज्या मॉनिटरवर ठरवायचे त्याचा पांढरा १०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) आसपास ठेवायची पद्धत होती, म्हणजे बनवणाऱ्यांनी जे चित्र मनात धरलं होतं त्याला डोळे दिपवणारा उजेड लागतच नव्हता. टीव्हीच्या सेटिंगमधे दुकानासाठी वेगळा आणि घरासाठी वेगळा असे दोन मोड असतात हेच पुरेसं बोलकं आहे.

आकड्यांचंही तसंच. कॉन्ट्रास्टचे, म्हणजे सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातल्या फरकाचे आकडे आधी हजारांत होते, मग लाखांत, मग दशलक्षांत गेले, प्रत्येक कंपनीची मोजायची रीत आपापली, आणि या खेळात प्लाझ्मावालेही मागे नव्हते, त्यांचं ते ६०० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६०० नवी चित्रं असं कितीतरी लोकांना वाटायचं, प्रत्यक्षात ती एकेका फ्रेमचा उजेड कमीजास्त करायला दिलेल्या ठोक्यांची मोजणी होती. पुढे ४के आलं, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके. कप्पे अजून लहान करायचे तर मधल्या भिंतीच जास्त जागा खातात, उजेड घटतो, वीज वाढते, त्यामुळे घरगुती आकारात प्लाझ्माला ४के जमणारच नव्हतं. पण साधा हिशेब करून बघा, ५० इंची फुल एचडी स्क्रीनचा एक ठिपका साधारण ०.५८ मिलिमीटरचा असतो, आणि निरोगी डोळ्याची एक आर्कमिनिटाची, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाची जी मर्यादा धरतात ती दोन मीटरवर नेमकी तेवढीच भरते. त्याहून लांब बसणाऱ्याला ५० इंचांत ४के चे जास्तीचे ठिपके दिसायची शक्यता फारच कमी. राखाडी झालेला काळा मात्र त्याला तीन मीटरवरूनही दिसतो आणि पाच मीटरवरूनही. तरी बॉक्सवर मोठ्या अक्षरांत काय छापलं जातं? ठिपके.

आता विजेकडे येतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे आणि सार्वजनिक प्रश्न म्हणावा तोही इथेच आहे. प्लाझ्मा वीज जास्त घ्यायचा हे खरंच आहे. २००९ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या ऊर्जा आयोगानं टीव्हीच्या विजेवर मर्यादा घालायचा नियम मंजूर केला, तो २०११ पासून लागू झाला आणि २०१३ पासून आणखी कडक. चांगली गोष्ट. पण त्या नियमात मुभा स्क्रीनच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढत जायची, आणि १४०० चौरस इंचांच्या वरचे, म्हणजे साधारण ५८ इंचांपेक्षा मोठे टीव्ही त्यातून वगळलेलेच होते. जे सगळ्यात जास्त वीज खाणार तेच बाहेर! तेव्हा एवढे मोठे सेट थोडे विकले जात असतील म्हणून सोडले असं म्हणता येईल, पण नियम पुढच्या काळासाठी करायचा असतो ना. युरोपात २०११ च्या अखेरीपासून टीव्हीवर एनर्जी लेबल सक्तीचं झालं, तिथेही ग्रेड ठरायची ती क्षेत्रफळाच्या हिशेबानं, सरळ रेषेत, जेवढा पडदा मोठा तेवढी जास्त वीज मान्य. त्यामुळे मोठ्या टीव्हीला वरची ग्रेड आणि छोट्याला खालची, आणि तरी प्रत्यक्षात मोठाच जास्त युनिट जाळतोय असं अगदी नियमात बसून होऊ शकत होतं. ज्याला वीज वाचवायचीय तो माणूस चांगली ग्रेड बघून मोठा सेट उचलणार आणि समाधानानं घरी जाणार.

एलसीडीच्या मागे एलईडी दिवे आले आणि एकेका चौरस इंचामागे वीज झपाट्यानं कमी झाली हे नाकारायचं कारण नाही. प्लाझ्माही सुधारत होता, पॅनासॉनिकनं २००९ मधे आणलेल्या निओ पीडीपी पॅनेलचा दावा तेवढ्याच विजेत दुप्पट उजेडाचा होता. पण चौरस इंचामागे जे वाचलं ते आपण जास्तीच्या चौरस इंचांत घालवत गेलो. ४२ इंच म्हणजे मोठा टीव्ही होता तो आता झोपायच्या खोलीतला झालाय, ६५ नेहमीचा झालाय आणि शंभरच्या आसपासचे एलसीडी आता प्रदर्शनातून उतरून थेट दुकानात आलेत. स्क्रीनचं क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे ५० चा १०० इंची केला की चौपट पडदा उजळावा लागतो, वर एचडीआरसाठी, म्हणजे चित्रातले उजळ भाग जास्तच उजळ दाखवण्यासाठी ब्राइटनेसही वाढवलेला.

मोजण्याची पद्धत किती महत्त्वाची असते याची दोन उदाहरणं देतो. २०१६ मधे अमेरिकेतल्या एनआरडीसी या पर्यावरण संस्थेनं दाखवून दिलं की काही मोठ्या कंपन्यांच्या टीव्हीत ग्राहकानं चित्राचा मोड बदलला की वीज वाचवणारी सोय गुपचूप बंद व्हायची, चाचणी मात्र मूळ मोडमधेच झालेली, त्यामुळे लेबलवरचा आकडा घरात कधी येणारच नाही. दुसरं उदाहरण युरोपातलं. २०२३ च्या मार्चपासून ८के, म्हणजे ४के च्याही चौपट ठिपक्यांच्या टीव्हींनाही विजेची मर्यादा लागू झाली आणि बरीच ओरड झाली की आता ८के संपणार, झालं काय तर सेट बॉक्समधून काढल्यावर जो मोड चालू असतो तो अगदी मंद ठेवला गेला, चाचणी त्याच मोडवर पास, आणि पहिल्याच संध्याकाळी माणूस रिमोट घेऊन तो मोड बदलणार हे सगळ्यांना माहीत. कायदा पाळला गेला, वीज तेवढीच जळली.

तरी निराश व्हावं असं मला वाटत नाही, कारण चांगलं सूत्र बनवता येतं हे युरोपनंच दाखवलंय. २०२१ पासून लागू झालेल्या नव्या सूत्रात पडदा वाढला की मुभा वाढते पण सरळ रेषेत नाही, पुढे पुढे ती वाढ मंदावते आणि अतिप्रचंड आकाराला जवळपास सपाट होते. म्हणजे शंभर इंचीला चौपट पडद्याची चौपट सूट मिळत नाही. हे सूत्र बघायला किचकट आहे, पण त्यामागची भूमिका मला पूर्ण मान्य आहे, की मोठा पडदा घ्यायचा तर घ्या पण त्याची वाढीव वीज हक्क म्हणून मिळणार नाही. माझं मत असं की जिथे जिथे टीव्हीला तारे किंवा ग्रेड देतात तिथे हाच वाकणारा हिशेब असावा, आणि लेबलवर ग्रेडपेक्षा मोठ्या अक्षरांत वर्षाचे एकूण युनिट असावेत, तेही दोन, मूळ मोडचे आणि सगळ्यात ब्राइट मोडचे. शेजारी अंधाऱ्या खोलीत मोजलेली काळ्याची पातळी आणि हलत्या चित्रात किती रेषा स्पष्ट दिसतात ते, दोन्ही एकाच ठरलेल्या पद्धतीनं मोजलेलं. हे मोजणं अवघड नाही, टीव्ही तपासणारे लोक वर्षानुवर्षं करतायत, फक्त त्याला सक्ती नाही म्हणून ते बॉक्सवर येत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, डाग पडणाऱ्या टीव्हीची एवढी तरफदारी कशाला. तर बघा, २०१३ पासून ओएलईडी टीव्ही घरांत यायला लागले, त्यातही प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, काळा खराखुरा काळा असतो, डागाची भीती तशीच आहे आणि लोक त्याला सगळ्यात वरच्या किमतीचा मान देतात. म्हणजे ज्या गुणासाठी आज जास्त पैसे मोजले जातात तोच गुण काही वर्षांपूर्वी कमी पैशात मिळत होता आणि कुणी विचारला नाही. हालचालीच्या बाबतीत तर ओएलईडीसुद्धा फ्रेम धरूनच ठेवतो, तिथे प्लाझ्माची सर अजून पूर्ण आलेली नाही. दुसरा आक्षेप, सामान्य माणसाला हे बारकावे कळत नाहीत. मला हे अजिबात मान्य नाही. शेजारी शेजारी, घरासारख्या उजेडात दोन सेट ठेवा आणि कुठल्याही माणसाला विचारा, तो बरोबर सांगेल. त्याला कळत नाही असं नाही, त्याला कधी तसं दाखवलंच गेलं नाही.

राहिला प्रश्न दुरुस्तीचा, आणि प्लाझ्मावाल्यांनी तो चांगलाच भोगलाय. कारखाने बंद झाले की पॅनेल मिळणं बंद, मग पॉवर सप्लाय, सर्किट बोर्ड सगळं धड असलं तरी पॅनेल गेलं की अख्खा सेट भंगारात. युरोपच्या २०२१ च्या नियमात टीव्हीचे काही सुटे भाग, म्हणजे पॉवर सप्लाय, कनेक्टर, मोठे कपॅसिटर वगैरे, मॉडेलचा शेवटचा सेट बाजारात आल्यापासून निदान सात वर्षं मिळायला हवेत आणि सॉफ्टवेअर अपडेट आठ वर्षं, असं आहे. पॅनेल आणि बॅकलाइट, म्हणजे एलसीडीच्या मागचे दिवे, मात्र त्या यादीत नाहीत. एलसीडीत नेमकी बॅकलाइटची एलईडी पट्टीच बऱ्याचदा जाते, वस्तू किरकोळ, पण तिथपर्यंत पोचायला पॅनेल उचलावं लागतं आणि ते उचलताना फुटलं तर संपलं, म्हणून दुरुस्तीवालेही नको म्हणतात. शंभर इंची सेटमधे हे धाडस कोण करणार? बॅकलाइटची पट्टी त्या यादीत यायला हवी, आणि मागून झाकण उघडून ती बदलता येईल अशी रचना ज्या सेटमधे नाही त्याला ठरावीक आकाराच्या वर विक्रीची परवानगीच नको. पॅनेल जोडून झाल्यावर यातलं काही करता येत नाही, त्यामुळे ही अट आत्ता, हे मोठे सेट अजून थोड्याच घरांत आहेत तोवरच घालावी लागेल.